कोरी बिडी

भय्याजींच्या गळ्यात झेंडूचा जो हार पडला, त्याचं ताट माझ्या हातात होतं. सावलीहून जीपने साहेब आले होते. शाळेसमोर मांडव घातला होता. "गरोदर मजूर स्त्रियांना विश्रांती दिली, अशा उदार शेतकऱ्याचा आज आपण सत्कार करत आहोत," असं साहेब म्हणाले. "दिली" हा शब्द त्यांनी भाषणात पुन्हा पुन्हा वापरला आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालून ताटाकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या गुरुजींना वाटलं, नर्सबाईंचा ऊर भरून आला. ऊर भरला नव्हता, डोकं तापलं होतं.

दाईच्या नोकरीतले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं तेव्हा मला आधी तो हार आठवला. बाळंतपणं शेकड्यांनी केली, त्यातली बरीचशी एकसारखी झाली आणि देवाच्या दयेने बरी झाली. ती सांगत बसत नाही. हाराचा हिशेब तेवढा चुकता करते.

मी मूळची सावलीच्या बाजारातली. आईच्या बाजूला पोतं अंथरून वांगी विकायची. लग्न झालं, नवऱ्याने वर्षाच्या आत टाकली, तेव्हा रडत बसण्यापेक्षा चांद्याला जाऊन दाईचं शिक्षण घेतलं. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावोगाव बाळंतपणाची केंद्रं उघडत होती आणि रानातल्या गावांत जायला शिकलेल्या बाया तयार नव्हत्या. मी तयार होते. वैनगंगेच्या अलीकडे बोरटोला नावाचं धानाचं गाव मला मिळालं. एक खोली, एक पेटी, उकळायची भांडी, कात्री, दोरा आणि मूल तोलायचा एक लोंबता काटा. वर स्प्रिंग, खाली कापडाची झोळी.

तो काटा खुंटीला टांगलेलाच राहिला. बोरटोल्यात मूल तोलत नसत. तिथली जुनी जाणती बाई म्हणजे भागाबाई. रोवणीच्या टोळीची पुढारी. ती मला पहिल्याच बाळंतपणाला म्हणाली, "तोलू नोको, बाई. आमच्या घरी धान तोललं का बाजारात जाते, मोहफूल तोललं का बाजारात जाते. पोरगं तोलून कुठी धाडाचं हाय?"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्याजवळ दुसरा काटा होता, तळहाताचा. वांगी विकणाऱ्या पोरीला हात खालीवर करून वजन सांगता येतं. नाळ कापून बाळ उचलताना मी हात जरासा हलवायची, आणि तेवढ्यात मला कळायचं.

तर या हाताला एक गोष्ट जाणवू लागली. बिडी ओढणाऱ्या बायांची बाळं हलकी असत. पोटभर अन्न नाही, अंगात हिवताप मुरलेला, अशा गावात हलकं बाळ काही नवलाचं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण एका घरात दोन जावा होत्या, सगुणा आणि पारबता. एकाच हंडीतला भात, एकाच वावरातलं काम. सगुणा बिडी ओढायची, पारबताला धूर सोसत नसे. पारबताची पोरं उचलली की हात भरायचा. सगुणाचा पहिला मुलगा गोमा उचलला तेव्हा वाटलं, कोणी सूप हातात दिलं, आणि त्यात धान घालायचं विसरलं.

तो गोमा जगला. पण दर पावसाळ्यात त्याची छाती भात्यासारखी वाजायची. दुसरी मुलगी त्याहून हलकी होती. ती आठवडाभरही राहिली नाही. तिला नाव ठेवायचंही राहून गेलं. ते दुःख सगुणाने कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही इथे जास्त लिहीत नाही.

सावलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना मी माझा संशय सांगितला. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "मी शिकलो त्या पुस्तकांत असं काही नव्हतं. पण बिडी सुटली तर नुकसान कुणाचंच नाही. सोडवून पाहा." मग मी सोडवायच्या मागे लागले.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या भागात बिडी विकत घ्यावी लागत नाही. तेंदूचं पान रानात फुकट. पान ओलवायचं, कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा. म्हाताऱ्या बायांच्या कमरेला पानांची चंची असायचीच. बाई बिडी ओढते यात कोणाला वावगं वाटत नसे. उलट, नव्या सुनेला दिवस गेले आणि तिने बिडी मागितली की सासवा कौतुकाने म्हणत, "तिले बिडीचे डोहाळे लागले." डोहाळे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? नकार दिला तर मुलाची लाळ गळते, असं मानत. म्हणजे माझं भांडण एका व्यसनाशी नव्हतं, एका लाडाशी होतं.

मी भाव करायला बसले. बिडीच्या बदली फुटाणे देते, म्हटलं. बायांनी फुटाणे खाल्ले आणि वरून बिडी ओढली. भीती घातली. त्यांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि घरी जाऊन ओढली. एकदा संतापून एकीच्या तोंडातली बिडी ओढून घेतली आणि चिखलात तुडवली. तिने शांतपणे भागाबाईकडून दुसरी घेतली. भागाबाई म्हणाली, "बाई, तुह्या रागानं बिडी पेटत असती तं आगपेटीचा खर्च वाचला असता." सारी टोळी हसली.

तीन पावसाळे असे गेले. चौथ्या पावसाळ्यात सगुणाला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागला होता आणि रोवणी जोरात होती. भय्याजींच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती बिडी ओढत बसलेली मला दिसली. माझं डोकं फिरलं.

"सगुणा! एक गेली तेवढ्यानं भागलं नाई काय तुह्यं?"

हे मी बोलून बसले, आणि सगळ्या बाया सगुणाकडे पाहू लागल्या. सगुणा मात्र रडली नाही. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"बाई, बिडी नाई ओढली तं मले बसू कोन देते?"

मला काही कळलं नाही. ती पुढे म्हणाली, "बिडीची हाक पडली का बिडीवाल्या बसतेत. बाकीच्या पऱ्हे वाहतेत. कंबर मोडून राह्यली माही. मी काय त्या पारबतासारखी उभी राहू?"

रोवणी म्हणजे काय ते ज्याने केली त्यालाच माहीत. पऱ्हे म्हणजे भाताची कोवळी रोपं. ती उपटून पेंढ्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एकेक रोप रोवत मागेमागे सरकायचं. सकाळपासून सूर्य कलेपर्यंत कमरेत वाकून. त्यात मधून मधून मालक हाक देतो, "बिडी!" ज्याला ओढायची त्याने तेवढा वेळ धुऱ्यावर बसायचं. जो ओढत नाही त्याला थांबण्याचं कारण काय? त्याने तेवढ्यात पेंढ्या वाहून आणायच्या. हे मी इतक्या वर्षांत शंभरदा पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम धुऱ्यावर जाऊन बसले. हाक पडली. बिडीवाल्या बसल्या. पारबता आणि दोन-तीन बाया डोक्यावर पेंढ्या घेऊन चिखलातून चालू लागल्या. त्यात एक नवी सून होती, तिसरा महिना, चेहरा पांढराफटक. तिने एकदा बसलेल्या बायांकडे पाहिलं आणि भागाबाईजवळ जाऊन हळूच हात पुढे केला. भागाबाईने हसून तिला बिडी दिली. "लागले पोरीले डोहाळे!"

पोरीने झुरका घेतला, खोकली, डोळ्यांत पाणी आलं. पण बसली. बसल्यावर तिचा चेहरा असा सैल झाला की मला सगळं लख्ख दिसलं. डोहाळे बसण्याचे होते. बाईच्या पोटात पोर वाढतं, कंबर दुखते, आणि साऱ्या शिवारात बसण्याची परवानगी एकाच वस्तूला आहे, म्हणून ती वस्तू ती मागते. सवय मग जडते. तीन वर्षं मी तंबाखूचा भाव करत होते आणि समोरचीला विकत घ्यायची होती जागा!

हे कळल्यावर माझ्या अंगात बाजार संचारला. आता गिऱ्हाईक बदललं होतं. सौदा सगुणाशी नव्हता, भय्याजींशी होता.

भय्याजींची मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने गेली होती, पण त्यांच्या चालीतून गेली नव्हती. छत्री उघडून, चपला हातात घेऊन ते धुऱ्यावरून फिरत. माणूस दुष्ट नव्हता. हुशार होता, आणि हजरजबाबी. असा माणूस सौद्याला दुष्टापेक्षा अवघड.

"काय नर्सबाई, आज इथी बाळंतपन हाय काय?"

"हाय. तुमच्या कायद्याचं. आडवं आलं हाय."

बाया फिसकन हसल्या. मी लगेच मांडलं, "पोटुशी बायांले बिडीच्या वक्ताले बसू द्या. बिडी ओढो का नाई."

"अन् मंग? उद्या साऱ्या टोळीले दिवस जातीन. म्हाताऱ्याइलेही."

"कोनाले दिवस हायेत ते मी सांगीन. माह्यं कामच ते हाय."

"बिडीले शेवट असते, बाई. बिडी विझली का बाई उठते. रिकामी बसलेली बाई कवा उठन? तिले विझवाले का मी पानी टाकू?"

आता बाया त्यांच्या बाजूने हसल्या. सौद्यात हशा समोरच्याकडे गेला की आपला भाव पडतो. मी म्हटलं, "बाकीच्याइच्या बिड्या विझल्या का ह्याही उठतीन."

"नाई. माह्या आजापासूनचा कायदा हाय. ज्याच्या हाती बिडी, त्याले बसाची मुभा. हाती बिडी नाई, तं बसनं नाई. मी कायदा मोडनार नाई, अन् कोनाले मोडू देनार नाई."

बाजारात गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने भाव बोललं की आपण बोलायचं थांबायचं, हे मला आईने शिकवलं होतं. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"नोका मोडू जी. कायदा तो कायदा. पन एकडाव सगळ्याइले आयकू येईन असा सांगा. मले नीट समजला पायजे."

भय्याजींना वाटलं, बाई हरली. छत्री खाली करून ते मोठ्याने म्हणाले, "ज्याच्या हाती बिडी, त्याले बसाची मुभा! आयकलं?"

"आयकलं. पेटलेली म्हनले काय तुमचे आजा?"

सगळ्यांच्या आधी उमगलं ते भागाबाईला. तिने कमरेची चंची सोडली. एक पान काढलं, तंबाखू न घालताच वळलं, दोरा बांधला आणि सगुणापुढे धरलं.

"घे व. धर हातात. अन् बस."

सगुणाने ती रिकामी बिडी घेतली, भय्याजींकडे पाहिलं, आणि बसली. तिच्या मागोमाग ती नवी सून बसली.

"हे फसवनं हाय!" भय्याजी ओरडले.

"सौदा हाय. भाव तुम्ही बोलले, मी माल उचलला."

"उठा! उठा दोघीही!"

पण आता टोळीच थांबली होती. कोणी घोषणा दिली नाही, कोणी काही मागितलं नाही. बाया नुसत्या सरळ उभ्या राहिल्या, हातात पेंढ्या धरून. त्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या मुळांवरचा चिखल सुकायला लागला. भय्याजींनी एकदा मुळांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, एकदा माझ्याकडे. भागाबाई म्हणाली, "भय्याजी, जबान तुमचीच हाय. तुमच्या आजाचीही हाय. दोन मानसाइची जबान एका दिवसात मोडसान काय?"

त्यांनी छत्रीचं टोक चिखलात खुपसलं. मग म्हणाले, "बाकीच्याइच्या बिड्या विझतपावतर. तवापावतरच."

"तवापावतरच," मी म्हटलं. माझी मागणी पहिल्यापासून तेवढीच होती.

हे सगळं लिहायला सोपं वाटतं. खरी झटापट पुढेच होती, कारण सगुणाला बिडी आता खरोखर लागत होती. जागा मिळाली तरी तलफ सुटत नाही. पहिले काही दिवस तिचं डोकं दुखायचं, पोरावर खेकसायची, मला शिव्या द्यायची. मीही देत असे, त्यात आम्ही दोघी बरोबरीच्या होतो. मग मी त्या रिकाम्या पानात ओव्याचे दाणे घालून दिले. पेटवायची नाही, दातांत धरून चावत बसायची. घरी भाजलेले चिंचोके. नवऱ्याला दम दिला की धूर काढायचा तर अंगणापलीकडे. ती दोनदा घसरली, हे मला तिच्या तोंडाच्या वासाने कळलं. तिसऱ्यांदा घसरली नाही. बाया त्या रिकाम्या पानाला "कोरी" म्हणू लागल्या.

धान कापून झालं, खळ्यावर मळणी सुरू झाली, तेव्हा एका दुपारी मला बोलावणं आलं. मी जाईपर्यंत भागाबाईने पाणी उकळून ठेवलं होतं. ती सगुणाची नात्याने कोणी नव्हती, पण त्या दिवशी दारातून हलली नाही. मधल्या मुलीच्या वेळी काय झालं ते त्या घरात सगळ्यांना आठवत होतं, म्हणून कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. गोमा अंगणात बसून खोकत होता. सगुणा एकदाच बोलली. माझं मनगट धरून म्हणाली, "बाई, हे तरी राहीन ना?" मी हात सोडवून कात्री उकळत्या पाण्यात टाकली. खोटा भाव मी कधी सांगितला नाही.

ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी, की खळ्यावर बैल हाकणाऱ्या बापाने तिथूनच विचारलं, "कोन ओरडून राह्यलं?" मी नाळ कापली, बाळ उचललं आणि सवयीने हात खालीवर केला. हात खाली गेला, तो वर येईना. माझ्या तोंडाकडे पाहून भागाबाई घाबरली.

"काय झालं? काय झालं व?"

मी बाळ तिच्या हातात दिलं. तिने हात हलवला. पुन्हा हलवला. मग त्या म्हातारीने, जिने इतकी वर्षं मला एक पोर तोलू दिलं नव्हतं, दाराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, कोनी नर्सबाईच्या खोलीतून तो काटा आना रे! माहा हात खोटं बोलून राह्यला का खरं, ते मले पाहाचं हाय!"

काटा आला. छपराच्या आडव्या म्यालीला टांगला. झोळीत मुलगी ठेवली. काटा खाली गेला आणि साऱ्या बाया वाकून वाकून पाहू लागल्या, ज्यांना आकडे येत नव्हते त्याही. भागाबाईने मुलीच्या कपाळाला काजळ लावलं आणि जाहीर केलं, "ही कुठी जात नाई. एवढं ओझं कोनाच्यानं नेववते?"

त्या दिवसापासून बोरटोल्यात लोक मुलं तोलू लागले.

पुढच्या रोवणीत शेजारच्या गावांत कोरी पोचली. माहेरी गेलेल्या पोरींनी ती नेली, टोळ्यांनी नेली. दोन-तीन पावसाळ्यांत पार मूल गावाच्या रस्त्यापर्यंत मालक लोकांना आपापल्या आजोबांचे कायदे तपासून पाहावे लागले. आणि भाषाच बदलली. सुनेला दिवस गेले हे आडून सांगायचं तर बाया म्हणू लागल्या, "आमची सून कोरीवर हाय." आधी पहिल्या दिवसांत बिडी लागायची. आता पहिल्या दिवसांत सुटायची. नोकरीत मला कसलं पदक मिळालं नाही, पण बायांच्या तोंडात एक शब्द मिळाला, तो मी पदकाच्या जागी धरते.

खूप वर्षांनी नागपूरहून आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलं की गरोदरपणातल्या धुराने बाळाचं वजन घटतं, आणि त्या मुलांना पुढेही दम्याचे, छातीचे आजार जास्त होऊ शकतात. मला गोमा आठवला. तो आता बापाएवढा झाला आहे. किराणा दुकान चालवतो, स्वभावाने गोड. थंडीत दोन पोती उचलली की बसावं लागतं. त्याचा दमा बिडीनेच आला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या घरातून जाताना त्याच्या छातीचा आवाज आला, की वाटतं, पहिल्या पावसाळ्यातच धुऱ्यावर जाऊन बसले असते तर.

आणि तो हार. भय्याजींनी सत्कारात उत्तराचं भाषणही केलं. "गरिबांच्या माताभगिनींचं दुःख मला बघवलं नाही," म्हणाले. बघवलं नाही! मी ताट तिथेच आपटून घरी आले. गुरुजींनी मागाहून समजूत काढली, "जाऊ द्या बाई, काम झालं ना?" ज्यांच्या गळ्यात हार पडतो त्यांना जाऊ द्या असं कोणी म्हणत नाही. भय्याजी गेले, पण "भय्याजींनी दिलेली सूट" गावात राहिली, आणि मी ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या पावसाळ्यात बोरटोल्याला गेले होते. एस.टी.तून उतरून धुऱ्याधुऱ्याने निघाले. लांब रोवणी चालू होती. भय्याजींचा मुलगा आता मालक. बापाचीच छत्री, बापाचीच चाल. त्याच्यासोबत तालुक्याचे कोणी पाहुणे होते. टोळी धुऱ्यावर बसली होती आणि त्यात चंद्रकला होती, सगुणाची तीच मुलगी. सातवा महिना, कानावर कोरी खोचलेली. टोळीची पुढारी आता ती आहे.

मालक पाहुण्यांना सांगत होता, "ही सूट माह्या बाबांनं देल्ली. त्या काळात!"

माझं तोंड उघडलं. पण मी मधल्या बांधीच्या पलीकडे होते आणि आता माझा आवाज तेवढा पोचत नाही. पोचायची गरजच पडली नाही. चंद्रकला बसल्या जागेवरून, दम न घेता, अशी गरजली की पलीकडच्या शिवारातल्या बायांनीही माना वर केल्या.

"देल्ली नाई जी! घेतली! आमच्या नर्सबाईनं घेतली. ते पाहा, तिथून येऊन राह्यली!"

पाहुण्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला आणि मुद्दाम हळूहळू चालत गेले.